ब्रॉयलरच्या छातीवरील पांढऱ्या रेषा आणि लाकडासारखे कडक मांस : खाद्याचा वाटा किती?

घोडबंदरचा_डबा (ठाणे)

नमस्कार. कासारवडवलीजवळ माझा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे. आठवड्यातून तीन दिवस कोंबडीचे पदार्थ असतात आणि त्यासाठी मी प्रत्येक वेळी आठ-दहा किलो बोनलेस घेते. श्रावण न पाळणारे ग्राहकही बरेच असल्याने सध्या काम चालू आहे. पण श्रावण लागल्यापासून छातीच्या तुकड्यांवर बारीक पांढऱ्या रेषा दिसू लागल्या आहेत. या रेषा मांसाच्या धाग्यांच्याच दिशेने जातात आणि धुऊन किंवा खरवडून निघत नाहीत. त्याहून त्रासाची गोष्ट अशी की काही तुकड्यांचा जाड भाग हाताला घट्ट लागतो, शिजताना त्यातून खूप पाणी सुटते आणि खाताना तो दाताखाली कचकचतो.

गेल्या आठवड्यात दोघांनी भाजी तशीच परत पाठवली. त्यांतल्या एका ताईंनी विचारले, "कोंबड्यांना इंजेक्शन देऊन वाढवतात, त्याचाच हा परिणाम ना?" मला त्यांना खरे उत्तर द्यायचे आहे. हा कोंबडीचा आजार आहे का, तो माणसाला बाधतो का, आणि कोंबडीच्या खाद्यात काही कमी-जास्त झाल्याने असे होते का?

कळवा_चिकनवाला (ठाणे)

ताई, माझे कळव्यात बावीस वर्षांपासून दुकान आहे. तुम्ही वर्णन केलेला माल मी ओळखतो. एरवी माझ्याकडे दोन ते सव्वादोन किलोचा पक्षी येतो. गटारीपर्यंत शेड रिकाम्या होत जातात आणि श्रावण लागला की उठाव एकदम पडतो. मग जो पक्षी शेडवर आठ-दहा दिवस जास्त थांबतो तो तीन किलोच्या आसपासचा होऊन आमच्याकडे येतो. पांढऱ्या रेषा मला जवळजवळ नेहमी याच मोठ्या पक्ष्यात दिसतात. दोन किलोच्या आतल्या पक्ष्यात दिसल्याचे फारसे आठवत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी करून पाहावी लागेल. पक्षी कापल्यावर तासाभरात छाती सोडवून लगेच शिजवली तर निरोगी पक्ष्याचे मांसही चिवट लागते, कारण मेल्यानंतर स्नायू ताठरतात आणि तो ताठरपणा सुटायला काही तास जावे लागतात. तसे असेल तर सगळेच तुकडे सारखे चिवट लागतील आणि तेच मांस चार-सहा तास फ्रीजमध्ये ठेवून केले तर मऊ होईल. तुम्ही म्हणता तो कडकपणा फक्त छातीच्या वरच्या, मानेकडच्या जाड भागात असेल, तिथे फुगवटा असेल आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही तो जात नसेल, तर ती दुसरी गोष्ट आहे.

घोडबंदरचा_डबा

दादा, मी सकाळी सातला घेतलेले मांस दुपारी करते, आणि कडकपणा फक्त वरच्या टोकालाच आहे. खालचे निमुळते टोक मऊ असते.

नेरूळ_पशुआहार (नवी मुंबई)

मी तीस वर्षे कोंबडीखाद्याच्या कारखान्यांत खाद्याची सूत्रे बसवण्याचे काम केले, आता निवृत्त आहे. कळव्याच्या दादांनी दाखवलेला फरक अगदी महत्त्वाचा आहे आणि ताईंचे वर्णन दुसऱ्या प्रकाराशी जुळते. पांढऱ्या रेषांना व्हाइट स्ट्रायपिंग म्हणतात आणि कडक छातीला वुडन ब्रेस्ट. तिसरा एक प्रकार आहे, त्यात मांसाचे धागे एकमेकांपासून सुटून शेवयांसारखे होतात. त्याला स्पॅघेटी मीट असे नाव पडले आहे. तिन्ही विकार छातीच्या मोठ्या स्नायूत होतात आणि पुष्कळदा एकाच तुकड्यात दोन विकार सापडतात. कडक छातीचे शास्त्रीय वर्णन फिनलंडमधील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले, म्हणजे विज्ञानाच्या दृष्टीने हा विषय अजून तरुण आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली तिथे असे दिसते की स्नायूचे तंतू मरतात, पुन्हा निर्माण होण्याचा प्रयत्न करतात, आणि ते वेगाने जमत नाही तेव्हा रिकाम्या जागी चरबी आणि संयोजी ऊतक (पेशींना जोडणारे चिवट, तंतुमय ऊतक) भरते. चरबीची ती रांग म्हणजे तुमची पांढरी रेषा, आणि संयोजी ऊतक दाटले की तोच कडकपणा. अशा मांसात प्रथिने कमी आणि चरबी व कोलॅजन जास्त असते, पाणी धरून ठेवण्याची शक्ती घटते. म्हणूनच मसाला मुरत नाही आणि शिजताना रस सुटतो. हा जंतूंचा आजार नाही. तो एका पक्ष्यातून दुसऱ्यात जात नाही आणि माणसाला बाधत नाही. नुकसान होते ते चवीचे, पोताचे आणि पोषणाचे.

इंजेक्शनाविषयी स्पष्ट लिहितो, कारण ही समजूत फार पसरली आहे. वाढीचे संप्रेरक हे प्रथिन असते. ते खाद्यातून दिले तर पचून जाते, आणि हजारो पक्ष्यांना एकेक करून वारंवार टोचणे कोणत्याही शेडला परवडणारे नाही. पक्षी भराभर वाढतो तो निवडीने घडवलेल्या त्याच्या वंशामुळे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ या काळांतले वंश एकाच खाद्यावर, एकाच व्यवस्थेत वाढवून पाहिले. छप्पन्न दिवसांना त्यांची वजने अनुक्रमे ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम भरली. खाद्य तेच असून वजन साडेचार पटींहून जास्त झाले आणि त्या वाढीचा मोठा वाटा छातीकडे गेला. स्नायूचे तंतू जाड होत गेले, पण त्यांच्यामधून जाणाऱ्या केशवाहिन्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. परिणामी प्राणवायू कमी पोहोचतो, टाकाऊ द्रव्ये साचतात, पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण येतो. विकाराचे मूळ इथे आहे. खाद्य त्या वेगाला हातभार लावते किंवा आवर घालते. ते एकटे हा विकार निर्माण करत नाही.

मुरबाड_शेड (जि. ठाणे)

सर, धागा वाचून राहवले नाही. माझी मुरबाड तालुक्यात करारावरची सहा हजार पक्ष्यांची शेड आहे. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची. जागा, तूस, वीज आणि मजुरी माझी.

गेल्या वर्षी श्रावणातच माझ्या बॅचचे लिफ्टिंग (कंपनीने विक्रीसाठी पक्षी उचलणे) पुढे ढकलत ढकलत सत्तेचाळिसाव्या दिवसापर्यंत गेले. चाळिसाव्या दिवसानंतर रोज सकाळी काही पक्षी पाठीवर उताणे पडलेले सापडू लागले. काही मेलेले असत, काही जिवंत असून पाय झाडत. त्यांना उचलून सरळ केले की ते चालत जात आणि थोड्या वेळाने पुन्हा उलटे होत. छाती चाचपली तर वरच्या बाजूला फळीसारखी लागायची. पर्यवेक्षक म्हणाले उष्माघात आहे. पण तेव्हा पाऊस चालू होता. औषध विक्रेत्याने व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमचे द्रावण दिले. मी स्वतःच्या पैशाने आठ दिवस ते पाण्यातून पाजले, काहीही फरक पडला नाही. शेवटी मरतूक वाढली, एफसीआर (एक किलो वजनवाढीला लागणारे खाद्य) बिघडला आणि माझ्या वाढणावळीतून, म्हणजे पक्षी वाढवण्याच्या मोबदल्यातून, पैसे कापले गेले. मला इतकेच जाणून घ्यायचे आहे की खाद्य खराब होते का, आणि माझ्या हातात काय होते?

नेरूळ_पशुआहार

दादा, तुमचे वर्णन वाचून वाईट वाटले. कडक छातीचे पक्षी उताणे पडतात आणि त्यांना स्वतःहून उलटता येत नाही, हे परदेशांतील शेडमध्येही नोंदलेले आहे. छाती जड आणि ताठ झाल्यावर पक्ष्याला पंखांचा आधार घेऊन वळता येत नाही. अशा पक्ष्यांना दिवसातून दोन-तीन फेऱ्या मारून सरळ करणे एवढेच त्या वेळी तुमच्या हातात होते आणि ते तुम्ही केलेत. आता खाद्याविषयी सविस्तर लिहितो.

व्हिटॅमिन ईबद्दल आधी, कारण तिथे तुमचे पैसे गेले. पिलांना व्हिटॅमिन ई आणि गंधकयुक्त अमिनो आम्ले दोन्ही कमी पडली तर छातीत पांढरे पट्टे दिसणारा स्नायुक्षय होतो, हे फार जुने ज्ञान आहे. पट्ट्यांचे ते साम्य पाहून लोकांना वाटले की हाही त्याच कमतरतेचा प्रकार असेल. म्हणून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात किलोमागे १५ ते ४०० एकक अशा वेगवेगळ्या मात्रा देऊन पाहिल्या. पांढऱ्या रेषांच्या प्रमाणात फरक पडला नाही. पुढे काही प्रयोगांत, पिलू अगदी लहान असताना सुरुवातीच्या खाद्यात जादा मात्रा दिल्यास कडक छातीची तीव्रता घटल्याचे दिसले. चाळिसाव्या दिवशी पाण्यात ओतलेल्या द्रावणाने मात्र आधीच तंतुमय झालेला स्नायू पूर्ववत होत नाही. विकार दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच आकार घेऊ लागतो, आपल्याला तो सहाव्या आठवड्यात दिसतो.

लायसिन या अमिनो आम्लाचा (प्रथिनाच्या एका घटकाचा) संबंध अधिक पक्का आहे. छातीच्या प्रथिनात लायसिन भरपूर असते, त्यामुळे खाद्यातले लायसिन वाढवले की छाती भरते आणि तिच्याबरोबर रेषा व कडकपणाही वाढतो. अमेरिकेतील प्रयोगांत दुसरा आठवडा संपल्यापासून चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीपर्यंतच्या टप्प्यात पचनीय लायसिन शिफारशीपेक्षा पंधरा ते पंचवीस टक्क्यांनी कमी ठेवल्यावर कडक छातीची तीव्रता उतरली. हाच टप्पा का, याचे उत्तर असे की तेव्हा छातीच्या वाढीचा वेग चढणीवर असतो. तिथे थोडा लगाम घातला तर रक्तवाहिन्यांना स्नायूची गाठ घ्यायला अवधी मिळतो, असे मी समजतो. मात्र याची किंमत आहे. लगाम जास्त ओढला तर छातीचे मांसच कमी भरते.

आर्जिनिन या दुसऱ्या अमिनो आम्लाकडे आपल्याकडे फार कमी लक्ष जाते. कोंबडीला आर्जिनिन शरीरात तयार करता येत नाही, ते खाद्यातूनच मिळावे लागते. आणि रक्तवाहिन्या रुंदावणारे नायट्रिक ऑक्साइड त्यापासूनच बनते. लायसिन जास्त झाले की मूत्रपिंडात आर्जिनिनचा नाश वाढतो, म्हणून दोघांचे प्रमाण जपावे लागते. लायसिनच्या तुलनेत आर्जिनिन वाढवलेल्या काही प्रयोगांत हे विकार कमी आढळले. सोयापेंडीत आर्जिनिन भरपूर असते. २०२१ मध्ये सोयापेंडीचे भाव इतके भडकले की केंद्र सरकारला ऑगस्टमध्ये बारा लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या पेंडीच्या आयातीला परवानगी द्यावी लागली. अशा काळात सूत्र बसवणारा माणूस सोया कमी करून कृत्रिम लायसिन आणि मिथिओनिन वाढवतो. कागदावर लायसिनचा आकडा बरोबर येतो, आर्जिनिन मात्र मागे पडते. मी स्वतः अशी सूत्रे बसवली आहेत आणि तेव्हा आर्जिनिनचा रकाना आम्ही पुरेशा काळजीने पाहत नव्हतो, हे मला इथे लिहिले पाहिजे. आता इथेनॉल कारखान्यांतून येणारे डीडीजीएस (धान्याचा वाळवलेला चोथा) वापरतानाही तीच काळजी लागते, कारण त्यातले लायसिन आणि आर्जिनिन दोन्ही कमी पचतात आणि धान्यातली बुरशीची विषे त्यात एकवटतात.

खाद्यात ग्वानिडिनोअॅसेटिक आम्ल हे पूरक द्रव्य घातल्याने तीव्रता घटल्याचे काही निष्कर्ष आहेत, तसेच फायटेझ (धान्यातला फॉस्फरस मोकळा करणारे विकर) नेहमीच्या मात्रेपेक्षा बरेच जास्त दिल्याचेही आहेत. सेंद्रिय जस्त, मँगनीज, सेलेनियम यांचे परिणाम कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. यांपैकी कोणतीही गोष्ट एकटी रामबाण नाही, आणि जो विक्रेता तसे सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

तुमचे खाद्य खराब होते असे मला वाटत नाही. उलट खाद्य चांगले होते, पक्षी वेगाने वाढणारा होता, आणि त्याला विकायच्या वयापेक्षा दहा दिवस जास्त तेच भरघोस फिनिशर (शेवटच्या टप्प्याचे खाद्य) मिळत राहिले.

शहापूर_पशुवैद्य (जि. ठाणे)

नेरूळच्या सरांशी सहमत आहे. फक्त एक गोष्ट जोडतो, कारण चुकीचे निदान महागात पडते. खाद्यात कॉक्सिडिओसिससाठी (आतड्याच्या परजीवी रोगासाठी) सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन किंवा नरासिन असते आणि त्याच वेळी श्वसनाच्या त्रासासाठी कोणी पाण्यातून टियाम्युलिन हे प्रतिजैविक सुरू केले, तर ही दोन औषधे एकमेकांना घातक ठरतात आणि स्नायू निकामी होतात. तेव्हा पक्षी एकदम खाणे सोडतात, पाय लटके पडतात, पोटावर पसरून बसतात आणि एक-दोन दिवसांतच मरतूक चढते. कडक छातीत असे होत नाही. तिथे पक्षी खात असतो, वजन वाढत असते. तसेच छातीच्या आतला छोटा स्नायू हिरवट झालेला आढळला तर ती तिसरीच गोष्ट आहे: पंख जोरात फडफडल्याने तो स्नायू सुजतो, पण त्याच्याभोवतीचे आवरण ताणत नसल्याने रक्तपुरवठा बंद पडून तो आतच मरतो. त्याला खाद्य जबाबदार नसते, पक्षी घाबरवणे आणि पायाला धरून लटकवणे जबाबदार असते. तो हिरवट भाग टाकून द्यावा.

शवविच्छेदन करून घेतल्याशिवाय पाण्यातून काहीही पाजू नये, ही माझी सर्व शेडवाल्यांना कळकळीची विनंती आहे.

मुरबाड_शेड

डॉक्टरसाहेब, सर, दोघांचेही आभार. पण सर, एक खटकते. लायसिन कमी करा, वाढ जरा धीमी करा, हे सगळे केले तर पक्षी दोन किलोला पोहोचायला दोन-तीन दिवस जास्त लागतील आणि एफसीआर वाढेल. माझा मोबदला एफसीआरवर ठरतो. मग हा तोटा मीच सोसायचा का? कंपनी तरी हे का करील?

नेरूळ_पशुआहार

दादा, खरी गाठ इथेच आहे. ज्या देशांत पक्षी तीन-चार किलोचा करून त्याची छाती वेगळी काढून विकतात, तिथे कडक तुकडा कारखान्यात हाताने चाचपून बाजूला काढावा लागतो, त्याला कमी भाव मिळतो आणि तो कुस्करून पॅटी-नगेटमध्ये घालावा लागतो. तोटा कारखान्याच्या वहीत दिसतो, म्हणून खाद्यावरचे प्रयोगही तिथेच झाले. आपल्याकडे पक्षी जिवंत वजनावर विकला जातो. छाती मऊ असो की फळीसारखी, काट्यावर वजन तेच. तोटा शेवटी कुठे उतरतो, तर मरतुकीच्या रूपाने तुमच्यावर आणि परत आलेल्या डब्याच्या रूपाने घोडबंदरच्या ताईंवर. आणि तुम्हा दोघांच्याही हातात खाद्याचे सूत्र नाही. आपल्या भागात ही तक्रार आजवर फारशी ऐकू आली नाही, कारण आपला पक्षी दोन-सव्वादोन किलोलाच विकला जातो. पण ठाणे-नवी मुंबईत बोनलेसची मागणी वाढते आहे, आणि बोनलेससाठी मोठा पक्षी सोयीचा पडतो.

म्हणून करारावरच्या शेतकऱ्याने खाद्याच्या सूत्रापेक्षा लिफ्टिंगच्या दिवसाबद्दल बोलावे, असे माझे मत आहे. ठरावीक वयानंतर पक्षी कंपनीने थांबवला तर त्या जादा दिवसांची मरतूक आणि एफसीआर तुमच्या हिशेबात धरू नये, असे कलम मागणे रास्त आहे. श्रावण दरवर्षी येतो आणि कधी येणार हे पंचांगात आधीच छापलेले असते. त्यानुसार पिल्ले टाकण्याची तारीख ठरवणे कंपनीला अशक्य नाही.

मुरबाड_शेड

हे कलम मी पुढच्या बॅचच्या आधी लेखी मागणार आहे. दुसरे असे, की माझ्या भावाची हजार पक्ष्यांची स्वतःची शेड आहे. तो मका आणि सोयापेंड तुर्भ्याहून आणून खाद्य स्वतः दळतो आणि गावातल्या भातगिरणीचा कोंडाही घालतो. त्याने काय करावे?

नेरूळ_पशुआहार

त्याच्या हातात बरेच आहे. भारतीय मानक ब्युरोच्या २००७ च्या मानकात प्रीस्टार्टरला २३, स्टार्टरला २२ आणि फिनिशरला २० टक्के प्रथिने आणि किलोमागे अनुक्रमे ३,०००, ३,१०० व ३,२०० किलोकॅलरी ऊर्जा सांगितली आहे. पहिल्या दोन आठवड्यांत यात काटकसर करू नये. पिलू तिथे उपाशी राहिले तर पुढे काहीच सावरत नाही. पंधराव्या ते पंचविसाव्या दिवसापर्यंत मात्र वरून घातलेले कृत्रिम लायसिन थोडे कमी करावे, सोयापेंड तशीच ठेवावी आणि खाद्य गोळीऐवजी मॅश (भरड दळलेल्या) स्वरूपात द्यावे. मॅशवर पक्षी सावकाश खातो आणि वाढ आपोआप जराशी उतरते. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी दहा ते संध्याकाळी चारपर्यंत खाद्य काढून ठेवतात, त्यानेही वेग कमी होतो. पण उपाशी ठेवून नंतर भरपेट दिले तर पक्षी मागची भरपाई झपाट्याने करतो आणि विकार परत येऊ शकतो. शिवाय खाद्य परत मांडताना फीडर कमी असतील तर झुंबड उडून कातडीवर ओरखडे पडतात. रात्री चार ते सहा तास सलग अंधार द्यावा.

भाताचा कोंडा गिरणीतून आला त्याच आठवड्यात संपवावा. कच्च्या कोंड्यातले तेल फार लवकर खवट होते, आणि खवट तेल खाद्यातले व्हिटॅमिन ई खाऊन टाकते. कोंडा साठवायचाच असेल तर तेल काढलेला घ्यावा. पावसाळ्यात मक्याची पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवू नयेत. फळ्यांवर ठेवावीत आणि अफ्लाटॉक्सिनची तपासणी करून घ्यावी, त्याची मर्यादा अब्जात २० भाग आहे. तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला वीस-पंचवीस पक्षी उचलून छातीच्या वरच्या टोकाशी अंगठ्याने दाबून पाहावे आणि किती घट्ट लागले ते वहीत लिहावे. पुढच्या बॅचला सूत्र बदलल्यावर तीच वही कामाला येईल.

घोडबंदरचा_डबा

सगळ्यांचे मनापासून आभार. ज्या ताईंनी इंजेक्शनाचे विचारले होते त्यांना मी हा धागा वाचून दाखवला. काल कडक तुकडे वेगळे काढून त्यांचा खिमा केला. कचकच अजिबात जाणवली नाही आणि डबे रिकामे परत आले. कळव्याच्या दादांना एक विचारायचे आहे: मला दोन किलोच्या आतल्या पक्ष्याचेच बोनलेस हवे असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवता येईल का?

कळवा_चिकनवाला

ताई, आदल्या संध्याकाळी सांगा. लहान पक्ष्यात बोनलेस कमी निघते, त्यामुळे किलोमागे थोडे जास्त पडतील. पहाटे कापून, छाती चार तास थंडीत ठेवून मगच सोडवून देईन. दहाच्या सुमारास कोणाला तरी पाठवा.

घोडबंदरचा_डबा

चालेल. शुक्रवारसाठी नऊ किलो लिहून ठेवा.